शेजारीण म्हणते सही कर, नवरा म्हणतो भानगडीत पडू नको

पत्र थोडक्यात असं (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): लिहिणाऱ्या ताई पेनसिल्व्हेनियात राहतात. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आणि ग्रीन कार्डच्या रांगेत, त्या स्वतः आणि १७ वर्षांचा मुलगा एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर, धाकटी ८ वर्षांची, तिथेच जन्मलेली. शेजारची बाई चर्चमधली, अडीअडचणीला धावून येणारी. तिने सांगितलं की गांजा कायदेशीर करायचं बिल राज्यात पुन्हा येतंय, कुटुंबांसाठी काम करणारी एक ख्रिश्चन संस्था त्याच्या विरोधात आमदारांना पत्रं पाठवतेय, राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, जाऊन भेटायचंही ठरतंय, तू एक आई म्हणून चल, या कागदावर सही कर. ताईंना मनापासून जावंसं वाटतंय, कारण मागच्या महिन्यात मुलाच्या बॅगेत गमीजचं, म्हणजे नशेच्या जेलीसारख्या गोळ्यांचं, पाकीट सापडलं. हे नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलालाही आईला कळलंय हे माहीत नाही. नवरा म्हणतो चर्चवाल्यांच्या नादी लागू नको, आपण व्हिसावर आहोत, आणि महाशिवरात्रीला भांग घेणाऱ्यांच्या घरातून आलोय, कुठल्या तोंडाने बोलणार. मुलगा जेवताना म्हणतो न्यू जर्सीत तर लीगल आहे, दारूपेक्षा बरं. ताईंचे प्रश्न दोन: धर्म वेगळा असताना त्यांच्या मोहिमेत जावं का, आणि हे बिल पडलं तर मुलगा वाचेल ना? डिसेंबरात भाचीच्या लग्नाला पुण्याला जायचंय, मुंबईत व्हिसाचं स्टॅम्पिंगही करायचंय.

ताई,

तुमच्या पत्रात बिल, आमदार, शेजारीण, चर्च, नवरा यांच्यावर पानंच्या पानं आहेत आणि पाकिटावर अगदी शेवटी तीन ओळी, त्यातली एक अशी की "पाकीट साबुदाण्याच्या डब्यामागे ठेवलंय, काय करावं सुचत नाही." हॅरिसबर्गला जायची तुमची तयारी आहे, मुलाच्या खोलीत जायची नाही. रागावू नका, मी टोमणा मारत नाहीये, घरातलं काहीतरी झेपेनासं झालं की आपण बाहेरचं काम अंगावर घेतो, आणि बाहेरचं काम खरंच चांगलं असलं की मग ते लक्षातही येत नाही. पण म्हणून मी तुमच्या प्रश्नांना तुमच्या क्रमाने उत्तर देणार नाहीये, आधी पाकीट.

ते बाहेर काढा आणि उलटं करून बारीक अक्षरं वाचा. माझा अंदाज आहे की त्यावर कुठेतरी हेम्प आणि डेल्टा-८ असं काहीतरी लिहिलेलं असेल आणि ते न्यू जर्सीतून नाही, तुमच्याच गावातल्या पेट्रोल पंपावरच्या नाहीतर व्हेपच्या दुकानातून आलं असेल. चुकत असेन मी, पण पेनसिल्व्हेनियात १७ वर्षांच्या पोराच्या हातात गमीज येण्याचा सगळ्यात सोपा रस्ता आत्तापर्यंत हाच होता. झालं असं की २०१८ च्या फार्म बिलात काँग्रेसने हेम्प मोकळं केलं, म्हणजे गांजाचंच झाड, पण ज्यात डेल्टा-९ टीएचसी हा नशा आणणारा पदार्थ ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नाही ते. हेतू दोरखंड, कापड, सीबीडीचं तेल असला काहीतरी होता. मग कंपन्यांनी त्याच हेम्पमधून प्रयोगशाळेत नशा येणारे दुसरे पदार्थ बनवले, डेल्टा-८ त्यातलाच, आणि ते रंगीत पाकिटात भरून काउंटरवर ठेवले, ना धड तपासणी ना वयाची धड अट. ही फट काँग्रेसने नोव्हेंबर २०२५ मध्ये बुजवली, तीही अंमलात यायला वर्षभराची मुदत देऊन.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे या, बिल पडलं तर मुलगा वाचेल ना. अहो बिल पडलेलंच आहे. मे २०२५ मध्ये तुमच्या राज्याच्या हाउसने १०२ विरुद्ध १०१ असं एका मताने ते पास केलं, दारूसारखंच सरकारी दुकानांतून विकायची कल्पना होती, आणि आठवड्याभरात सिनेटच्या कमिटीने ते उडवलं. म्हणजे पेनसिल्व्हेनियात आजही मजेसाठीचा गांजा बेकायदेशीर आहे (औषध म्हणून २०१६ च्या कायद्याने कार्डावर मिळतो तो वेगळा) आणि बेकायदेशीर असतानाच पाकीट तुमच्या घरात आलं. शिवाय तुमच्या राज्याला सहा शेजारी, त्यातले न्यूयॉर्क, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड, ओहायो या पाचही जणांनी दुकानं उघडलीत, राहिलं फक्त वेस्ट व्हर्जिनिया. या परिस्थितीत हॅरिसबर्गमधल्या एका मतदानावर मुलाचं भवितव्य टांगून ठेवू नका. कायद्याने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाहीये हां, पडतो, त्याबद्दल पुढे लिहिते, पण तो फरक पूर्ण राज्याच्या आकड्यात दिसतो, एका घरातल्या एका पोराची हमी तो देत नाही.

पाकिटाचं आणखी एक, आणि हे आजच्या आज. ते साबुदाण्याच्या डब्यामागून काढा आणि कुलपात ठेवा. तुमच्या घरात ८ वर्षांची मुलगी आहे आणि ती वस्तू जेलीच्या गोळ्यांसारखी दिसते. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून असे गांजाचे खाऊ खाल्ल्याच्या पॉयझन सेंटरकडे आलेल्या केसेस २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. तुमची लेक थोडी मोठी आहे पण गोळी गोड आहे, आणि आईने लपवलेला खाऊ शोधणं हा त्या वयातला मुख्य धंदा असतो. तोंडाने घेतलेल्याचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात, म्हणून मोठे लोकसुद्धा "काहीच होत नाहीये" म्हणत आणखी खातात आणि मग घाबरून इमर्जन्सीत जातात. पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, फ्रिजवर लावून ठेवा, बाकी कशासाठीही उपयोगी आहे. फेकून मात्र देऊ नका अजून, का ते शेवटी सांगते.

मग नवरा. त्यांना सांगायचंच, आणि मुलाशी बोलायच्या आधी सांगायचं. तुम्ही लिहिलंय की ते भडकतील आणि तुम्हालाच म्हणतील तुझं लक्ष नव्हतं. म्हणू देत. एक संध्याकाळ भांडण होईल. पण उद्या हे त्यांना बाहेरून कळलं तर त्यांच्या डोक्यात आधी "माझ्यापासून लपवलं" हे बसेल आणि मुलगा बाजूला राहील. आणि खरं सांगू का, व्हिसाची भीती त्यांना मोहिमेच्या कागदाबद्दल वाटतेय, ती त्यांना पाकिटाबद्दल वाटायला हवी, आणि ते त्यांना माहीतच नाहीये.

मुलाशी बोलताना तीन चौकश्या पुरेत, कधीपासून, कोणाबरोबर, आणि घेतल्यावर काय बरं वाटतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मित्रांबरोबर गंमत म्हणून एकदा खाल्लं असेल तर एक गोष्ट, आणि झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणून रोज रात्री अर्धी गोळी घेत असेल तर पूर्ण दुसरी. एच-फोरवरच्या १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काय चाललेलं असतं याची कल्पना करा, वर्गातली सगळी पोरं उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करून पैसे मिळवतात, याला काम करायची परवानगी नाही, कॉलेजच्या फॉर्मवर कुठे हा इथला तर कुठे परदेशी, आणि २१ व्या वर्षी आईबाबांच्या व्हिसातून बाहेर. हे कारण असेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि "आमच्या घरात हे चालणार नाही" या वाक्याने सुरुवात केलीत तर तो विचारायची वेळच येऊ देणार नाही. रोजचं असेल तर शाळेच्या काउन्सेलरच्या आधी त्याच्या डॉक्टरांकडे जा, तो विषय डॉक्टर आणि पेशंटमध्ये राहू शकतो, शाळेत गेला की कुठल्या फाइलमध्ये जाईल ते आपल्या हातात राहत नाही. सामसा या व्यसन आणि मानसिक आरोग्याच्या सरकारी खात्याची हेल्पलाइन आहे, १-८००-६६२-४३५७, फुकट आहे, चोवीस तास आहे, नाव सांगावं लागत नाही.

त्याच्या जेवणातल्या वाक्याला उत्तर द्यायचं तर न चिडता द्या, कारण त्यात अर्धं खरं आहे. दारूने जगात फार जास्त माणसं मरतात हे खरंच आहे, ते मान्य करून टाका, मुलं आईवडिलांना पहिल्या खोट्यावर पकडतात आणि मग पुढचं ऐकत नाहीत. पण न्यू जर्सीत लीगल म्हणजे २१ वर्षांच्या वर लीगल. मी न्यू जर्सीतच राहते, इथल्या दुकानात दारातच आयडी बघतात, आत गेलं की दागिन्यांच्या दुकानासारख्या काचेच्या पेट्या आणि प्रत्येक डबीवर टीएचसी किती ते छापलेलं. त्या आकड्याकडे त्याचं लक्ष वेधा. १९९० च्या दशकात अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजात टीएचसी ४ टक्क्यांच्या आसपास असायचं, आता १५ च्या पुढे, आणि व्हेपमध्ये भरतात त्या अर्कात ६० ते ९० टक्के. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत युरोपातला मोठा अभ्यास आला, त्यात रोज गांजा घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या मानसिक आजाराची, शक्यता न घेणाऱ्यांच्या साधारण तिप्पट दिसली आणि रोज कडक गांजा घेणाऱ्यांत जवळपास पाचपट. अशा अभ्यासावरून हे यामुळेच होतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण घरात कोणाला सिझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, काका, आजोबा, कोणीही, तर मुलाला तेही सांगायचं, आपल्याकडे असल्या गोष्टी "जरा विक्षिप्त होते" एवढ्यावर मिटवतात. आणि गाडी. पेनसिल्व्हेनियात गांजाचा अंश रक्तात सापडला तरी डीयूआय, म्हणजे नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा, लागतो, नशा उतरून काही दिवस झाले असले तरी, त्यामुळे शनिवारी खाऊन मंगळवारी शाळेत गाडी नेणं हेसुद्धा त्याला वाटतं तेवढं साधं नाही.

आता तुमची शेजारीण आणि तिची मोहीम.

संस्थेचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. हॅरिसबर्गमध्ये पेनसिल्व्हेनिया फॅमिली इन्स्टिट्यूट आहे, १९८९ पासूनची, गांजा खुला करायला त्यांचा विरोध आहे, आणि अशा संस्था बऱ्याच राज्यांत आहेत, जेम्स डॉब्सन यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या फोकस ऑन द फॅमिलीच्या गोतावळ्यातल्या. ओहायोत २०२३ मध्ये गांजावर मतदान झालं तेव्हा तिथलं सेंटर फॉर ख्रिश्चन व्हर्च्यू असंच विरोधात उतरलं होतं, तिथे ५७ टक्के लोकांनी बाजूने मत दिलं. फ्लोरिडात उलटं झालं, २०२४ मध्ये जवळपास ५६ टक्के मिळूनही पडलं, कारण तिथे ६० लागतात. तुमच्याकडे लोकांच्या सह्यांवर असं मतदान घ्यायची सोयच नाही, सगळं आमदारांच्या हातात, म्हणून शेजारीण पत्रांच्या मागे लागलीय. तिच्या दृष्टीने बरोबरच करतेय ती.

यांचं म्हणणं काय ते बघू. एक, हा नवा तंबाखूचा धंदा आहे. यात मला तथ्य वाटतं. मार्लबोरो बनवणाऱ्या अल्ट्रियाने २०१८ च्या शेवटी क्रोनोस नावाच्या कॅनडाच्या गांजा कंपनीत १.८ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं, ते काही लोकांच्या पाठदुखीची काळजी म्हणून नाही. ज्या धंद्याचा नफा रोज घेणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतो त्याला गिऱ्हाइकाने कमी घ्यावं असं कधी वाटणार नाही. दोन, गांजा निरुपद्रवी नाही. बरोबर, वर लिहिलंच. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी म्हणते की घेणाऱ्या दहातल्या साधारण तिघांना व्यसनाच्या पातळीचा त्रास असतो. तीन, कायदेशीर केलं की शाळकरी पोरं बिघडतात. इथे मात्र आकडे त्यांना साथ देत नाहीत. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनने २०१२ मध्ये दार उघडलं, त्यानंतर एकामागून एक राज्यं गेली, आणि देशभरातल्या बारावीच्या मुलांचा दरवर्षी सर्व्हे होतो त्यात वर्षभरात एकदा तरी गांजा घेतला म्हणणारे २०१९ मध्ये ३६ टक्क्यांच्या जवळ होते ते २०२४ मध्ये २६ च्या जवळ आलेत. कोविड, फोन, घराबाहेर कमी पडणं, कारणं पुष्कळ असतील, पण ज्या पत्रात पोरांमध्ये लाट आलीय असं लिहिलं असेल त्यावर मी सही करणार नाही.

आणि एक बाजू त्या कागदावर बहुतेक नसेलच, ती म्हणजे पकडलं कोणाला जातं. अमेरिकेत काळे आणि गोरे गांजा साधारण सारखाच घेतात, पण एसीएलयू या नागरी हक्कांच्या संस्थेने २०१८ पर्यंतचे आकडे काढले तर जवळ बाळगल्याबद्दल अटक व्हायची शक्यता काळ्यांची साडेतीनपटीहून जास्त. पेनसिल्व्हेनियात ३० ग्रॅमपर्यंत जवळ सापडला तर कायद्याने ३० दिवसांपर्यंत कैद आणि ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, फिलाडेल्फियाने २०१४ मध्येच तो २५ डॉलरच्या पावतीवर आणला, म्हणजे एकाच राज्यात कुठल्या गावात सापडलात त्यावर नशीब. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, मला पोरांना तुरुंगात टाकणंही नको आहे आणि चौकाचौकात जाहिरातीचे फलक लावून विकणंही नको आहे, आणि या दोन्ही नको एकत्र बसू शकतात, पण मोहिमांच्या छापील पत्रात सहसा बसत नाहीत.

धर्माचं म्हणाल तर तुमची अडचण मला वेगळी वाटते. चर्चच्या बाईबरोबर गेलं तर आपण कोण, असं तुम्ही विचारलंय. अहो, व्यसनाविरुद्ध श्रद्धेच्या जोरावर उभं राहणं आपल्याला कधीपासून परकं झालं? गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू-मटण सुटलं हा वारकऱ्यांचा रिवाज आहे, गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव कीर्तनात दारू सोडा म्हणून सांगत होते, आणि दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांनी मतदान करून बाटली आडवी करायची सोय तर महाराष्ट्रात कायद्यानेच आहे. तुमच्या शेजारणीला हे सांगा, तिला फार आवडेल, आणि तिच्या ओळखीतली "तू" जरा मोठी होईल. पण त्याच गोष्टीचा पुढचा भागही सांगा. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी झाली, ती टिकली, तिच्यामागे गावागावातलं वर्षानुवर्षांचं काम आहे. चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला सरकारने उठवली, चोरटी दारू बोकाळली हे कारण देऊन. नुसती बंदी आणि बंदीमागचं काम यातला फरक आपल्या लोकांनी जवळून बघितलाय.

तेव्हा त्यांचा देव वेगळा आहे म्हणून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. बघायचं ते हे, की सही कशाकशावर होतेय. या संस्था फक्त गांजावर काम करत नाहीत, गर्भपात, समलिंगी लग्न, शाळेत ट्रान्स मुलांनी कुठलं बाथरूम वापरावं, सगळ्यावर त्यांची ठाम मतं आहेत आणि कोर्टापर्यंत जायची तयारी आहे. त्यातली काही तुम्हाला पटत असतील, काही नसतील, ते तुमचं. पण एकदा ईमेल त्यांच्या यादीत गेला की पुढची मोहीम तुमच्या नावाने मोजली जाऊ शकते. कागद सहीआधी घरी आणा, पूर्ण वाचा, खाली बारीक अक्षरात काय आहे ते बघा. शेजारीण घाई करत असेल तर "मी वाचल्याशिवाय सही करत नाही" एवढं म्हणायला काही हरकत नसते, घराचे कागद करताना म्हणतोच की आपण.

मला विचाराल तर सही करण्यापेक्षा स्वतःचं पत्र लिहा. एक पान. मी तुमच्या मतदारसंघात राहते, मला मत नाही पण मी इथे राहते आणि कर भरते, मला दोन मुलं आहेत, हेम्पच्या नावाखाली काउंटरवर विकलेल्या गोळ्यांवर वयाची अट आणि तपासणी हवी, पाकिटं खाऊसारखी दिसू नयेत, जाहिरात नको, शाळेत काउन्सेलर वाढवा, आणि पोरांवर गुन्हे नोंदवू नका. आपल्या मुलाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही त्यात, कागद सरकारी होतो. आमदारांच्या ऑफिसात छापील पत्रांचा गठ्ठा मोजतात, वेगळं लिहिलेलं पत्र कोणीतरी वाचतं. देवधर्म बाजूला ठेवून काम करणारी संस्था हवी असेल तर स्मार्ट अप्रोचेस टू मॅरिवाना नावाची आहे, २०१३ मध्ये सुरू झालेली, माजी खासदार पॅट्रिक केनेडी तिच्या संस्थापकांत, त्यांनी स्वतःच्या व्यसनाबद्दल उघड सांगितलेलं आहे. त्यांचंही सगळं पटेल असं नाही, वाचून ठरवा.

नवऱ्याच्या भांगेच्या मुद्द्याला उत्तर सोपं आहे. भांग म्हणजे पानं वाटून केलेली, भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यानेही गांजाच्या व्याख्येत फुलोरा धरला आणि नुसती पानं वगळली, आणि वर्षातून एकदा थंडाईतून घेतलेल्या त्या गोष्टीची ९० टक्क्यांच्या व्हेपशी बरोबरी करण्यात अर्थ नाही. तरी त्यांच्या बोलण्यात एक खोच आहे ती टाळू नका. मुलगा विचारेल, आजोबा घ्यायचे ना? घ्यायचे म्हणा. आपल्याकडे साधूच्या चिलमीला नमस्कार करतात आणि कोपऱ्यावरच्या पोराला गंजेडी म्हणतात, हा दुटप्पीपणा आहेच, तो कबूल करून पुढे बोललात तर तो ऐकेल. व्हिसावर असून आमदाराला पत्र लिहायचं का, तर बोलायचा हक्क नागरिकांपुरता नाही, पत्र लिहा, भेटा. पैसे मात्र कुठल्या उमेदवाराला देऊ नका, ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला ते कायद्याने बंद आहे.

आता पाकीट का ठेवायला सांगितलं ते. राज्यं काहीही म्हणोत, केंद्राच्या १९७० च्या कायद्यात गांजा हेरॉइनच्याच यादीत घातला गेला, खालच्या यादीत आणायचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला पण खालची यादी म्हणजे मोकळीक नव्हे, आणि इमिग्रेशन चालतं केंद्राच्या कायद्यावर. तुमच्या शेजारणीच्या मुलाकडे हीच गोष्ट सापडली तर दंड भरून विषय संपेल. तुमच्या मुलाचं तसं नाही. नागरिक नसलेल्या माणसाने "हो, मी घेतला होता" असं अधिकाऱ्यासमोर रीतसर कबूल केलं, तरी शिक्षा न होताही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्ये डॉक्टर नशेबद्दल विचारतात. कोर्टात "गुन्हा कबूल करा, क्लासला जा, केस काढून टाकू" अशी सवलत मिळते ती सज्ञान माणसासाठी इमिग्रेशनच्या लेखी शिक्षाच धरली जाते, म्हणजे तो १८ चा झाला की हे जास्तच जपायचं. २०१९ मध्ये तर सिटिझनशिपच्या अर्जांसाठी स्पष्ट सूचना निघाली की राज्यात लीगल असलं तरी गांजाशी संबंध आड येऊ शकतो, दुकानात नोकरी केली तरी. न्यू जर्सीतल्या आपल्या कितीतरी घरांना हे माहीतच नाही, ग्रीन कार्डवाले आजोबासुद्धा गुडघ्याला लावायचं तेल म्हणून त्या दुकानात जाऊन येतात.

डिसेंबरच्या स्टॅम्पिंगसाठी डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भराल त्यात नियंत्रित अमली पदार्थांचा कुठलाही कायदा कधी मोडलाय का असा सरळ प्रश्न आहे. तिथे खोटं लिहायचं नाही, खोटं सापडलं तर ते कायमचं मागे लागतं, आणि स्वतःच्या मनाने खरंही लिहायचं नाही, कारण हेम्पमधलं डेल्टा-८ खाणं म्हणजे कायदा मोडणं झालं का हा वकिलाचा प्रश्न आहे, माझा किंवा तुमचा नाही. म्हणून पाकीट हवं, निदान त्याच्या मागच्या मजकुराचा नीट फोटो, आणि तो फोटो फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको कृपा करून. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोरवाल्यांचं सोशल मीडियाही तपासतात, प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात, तेव्हा मुलाच्या इन्स्टावर धुराचे ढग असतील तर तेही वकिलाला आधी दाखवा, गुपचूप पुसत बसू नका. नवऱ्याच्या कंपनीचा वकील कंपनीचा असतो, हे त्याच्याकडे काढू नका, स्वतःचा वेगळा इमिग्रेशन वकील बघा, एक तासाची फी जाईल ती जाऊ दे. फॉर्म भरायच्या आधी, तिकिटं काढायच्या आधी, आणि तो म्हणाला मुलाला या खेपेला नेऊ नका तर भाचीला फोन करून सांगा की त्याची परीक्षा आहे, लग्नाला तुम्ही आणि धाकटी जा, वकिलाला तुमच्या दोघींच्या कागदांचंही विचारून घेऊन, आणि वडील-मुलगा इथे राहू देत, त्यांना एकमेकांशी बोलायला तेवढे दिवस लागतीलच.